बॅ. नाथ पै: मुलांना भाषणांपलीकडचे नाथ कसे सांगावेत?

खाडीकाठचा_मास्तर

नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ले तालुक्यातल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवतो. येत्या २५ सप्टेंबरला बॅ. नाथ पैंची जयंती आहे. आमच्या वाचनालयाने आठवी ते दहावीच्या मुलांसमोर पाऊण तास बोलायला सांगितलंय. विषय अर्थातच नाथ.

गेली कित्येक वर्षं मी या कार्यक्रमाला श्रोता म्हणून बसतोय. दर वर्षी तेच चार शब्द ऐकू येतात: फर्डे वक्ते, संसदपटू, कोकणचे सुपुत्र, अकाली निधन. फोटोला हार घालतात, मुलं टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. गेल्या वर्षी खुर्च्या उचलताना नववीतल्या एका मुलीने मला विचारलं, "सर, ते बॅरिस्टर होते ना? मग त्यांनी केस कुठची जिंकली?" मला उत्तर देता आलं नाही. वर्षभर ते डोक्यात घोळतंय.

माझ्याकडे आहे ते असं. जन्म वेंगुर्ल्याचा, १९२२. शिक्षण बेळगावात आणि पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगवास. मग इंग्लंडला जाऊन लिंकन्स इनमधून बॅरिस्टर. १९५४ ते १९६० आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेचे अध्यक्ष. १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा राजापूर मतदारसंघातून प्रजा समाजवादी पक्षातर्फे लोकसभेत. १८ जानेवारी १९७१ ला बेळगावात निधन, वय अवघं अठ्ठेचाळीस.

ही झाली जंत्री. जंत्रीने त्या मुलीचं समाधान होणार नाही. या माणसाने आपली वकिली कुठे वापरली? कोणाच्या बाजूने उभे राहिले? तुमच्या घरातल्या आठवणी, वाचलेलं, ऐकलेलं, सगळं चालेल. मतभेदही चालतील, फक्त मुलांना सांगण्यासारखं असावं.

रापण

मास्तर, त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. जागा धरून ठेवतो, रात्री निवांत लिहितो.

माडाची_सावली

मी मालवणची, आता सत्तरी ओलांडली. १९६७ ची निवडणूक मला लख्ख आठवते, मी तेव्हा शाळेत होते. आमच्या पडवीच्या भिंतीवर चुन्याने झोपडी काढली होती. प्रजा समाजवादीची निशाणी झोपडी. पावसाळ्यात निम्मी वाहून गेली तरी आईने ती पुसू दिली नाही. दिवाळीला भिंत सारवताना तेवढा चौकोन सोडून सारवली.

बाबा परळच्या गिरणीत. घरी मी, आई, आजी आणि दोन लहान भाऊ. महिन्याची मनीऑर्डर आली की आई पोस्टमनला चहा करायची. गावातली निम्मी घरं अशीच बाईमाणसांची. नाथांच्या सभेला आई आम्हा तिघांना घेऊन गेली होती. रात्रीची सभा, दोन गॅसबत्त्या, समोर वाळू. मासेविक्या बाया पाट्या शेजारी ठेवून बसलेल्या. मला त्या भाषणातलं एक वाक्यही आठवत नाही, खोटं कशाला सांगू? मधे मधे संस्कृत यायचं, ते आईलाही कळत नव्हतं. पण घरी येताना ती म्हणाली, "आपल्याशी कोणी इतक्या चांगल्या भाषेत बोलत नाय."

मास्तर, हे मुलांना जरूर सांगा. ज्यांना लिहितावाचता येत नव्हतं त्यांच्यासमोर तो माणूस आपली भाषा खाली उतरवत नव्हता. पार्लमेंटात बोलायचं तसंच वाळूत बसलेल्यांशी बोलायचं. आईला त्यात मान वाटला.

घाटावरचा

मी सांगली भागातला, लग्नामुळे कोकणाशी नातं. आदर ठेवून विचारतो. पावणेचौदा वर्षं खासदार, मग कोकणाच्या पदरात काय पडलं? रेल्वे आली १९९८ ला, म्हणजे त्यांच्यानंतर सत्तावीस वर्षांनी. बंदरं ओस पडली, पोरं मुंबईलाच गेली. उत्तम भाषणाने पोट भरत नाही. मुलांसमोर ही बाजूही यावी असं प्रामाणिकपणे वाटतं.

तांबडी_माती

@घाटावरचा, रेल्वेचं म्हणाल तर ते झाड एका पिढीत फळणारं नव्हतं. नाथांनी लोकसभेत कोकण रेल्वेची मागणी लावून धरली. त्यांच्यानंतर राजापूरने मधु दंडवत्यांना निवडून दिलं, ते १९७७ ला रेल्वेमंत्री झाले. १९९० ला महामंडळ स्थापन झालं तेव्हा दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. ही सगळी एकाच समाजवादी घरातली माणसं. मागणी ज्याने केली त्याच्या हयातीत गाडी आली नाही म्हणून त्याचं काम वाया गेलं असं कसं म्हणायचं? माझ्या आजोबांनी लावलेल्या फणसाचे गरे मी खातोय.

शिवाय ते जन्मभर विरोधी बाकावर. विरोधी खासदाराच्या हाती पैसा नसतो, फक्त शब्द असतो. तेव्हा खासदार निधीही नव्हता.

घाटावरचा

मुद्दा मान्य. पण "शब्द" वापरून नेमकं काय केलं, हाच तर मास्तरांचा प्रश्न आहे.

काळा_कोट

आता मी येतो. रत्नागिरी कोर्टात एकवीस वर्षं वकिली, निम्मी प्रॅक्टिस जमिनीच्या दाव्यांची. मास्तर, त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, जरा लांब आहे.

फेब्रुवारी १९६७. निवडणुका नुकत्याच आटोपल्या होत्या, नाथ तिसऱ्यांदा निवडून आले. आठवडाभरात, २७ फेब्रुवारीला, सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. पंजाबातल्या जालंदरच्या एका कुटुंबाची जवळपास पाचशे एकर जमीन, कमाल धारणेच्या कायद्यात अडकलेली. अकरा न्यायाधीशांचं पीठ, निकाल सहा विरुद्ध पाच. बहुमताने ठरवलं की मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती यापुढे संसदेला करता येणार नाही. आणि तेव्हा मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांत होता. आधीच्या दुरुस्त्या न्यायालयाने चालू ठेवल्या, पण पुढचं दार लावून घेतलं.

७ एप्रिलला, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत, नाथांनी लोकसभेत घटनादुरुस्तीचं विधेयक मांडलं. सरकारचं नव्हे हो, एका विरोधी खासदाराचं अशासकीय विधेयक. म्हणणं एवढंच, की घटनेतल्या कुठच्याही तरतुदीत, मूलभूत हक्कांसकट, दुरुस्ती करायचा अधिकार संसदेला आहे हे कलम ३६८ मध्ये स्पष्ट लिहावं. ते संयुक्त समितीकडे गेलं, देशभर गाजलं, नामवंत वकील दोन्ही बाजूंनी बोलले. कायद्याच्या वर्तुळात आजही त्याला "नाथ पै विधेयक" म्हणतात. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि त्याबरोबर विधेयकही गेलं. तीन आठवड्यांत नाथही गेले. १९७१ च्याच नोव्हेंबरात चोविसावी घटनादुरुस्ती झाली, तिने मूळ तेच केलं जे नाथ चार वर्षं मागत होते.

आता कोकणाचा संबंध. घटनेचं नववं परिशिष्ट उघडा. १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीने ते जोडलं, सुरुवातीला तेरा कायदे. दोन नंबरला मुंबईचा १९४८ चा कुळकायदा (कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा). सहा नंबरला मुंबईचा खोती निर्मूलन कायदा (खोत म्हणजे गावचा सारा वसूल करणारा वतनदार). म्हणजे ज्या दोन कायद्यांवर आपल्याकडच्या कुळाच्या पायाखालची जमीन उभी, ते दोन्ही घटनादुरुस्तीच्या आडोशाला ठेवलेले होते. ज्या खासदाराचे मतदार मुख्यतः खोताची कुळं, त्याने घटनादुरुस्तीच्या अधिकारासाठी भांडावं यात मला योगायोग दिसत नाही. वकील पक्षकार निवडतो तसे त्यांनी निवडले.

चाकरमानी_परळ

काळा_कोट साहेब, आम्हा कायद्यात ढ असलेल्यांसाठी: नववं परिशिष्ट म्हणजे नेमकं काय? आडोसा कोणापासून?

काळा_कोट

कोर्टापासून. समजा सरकारने कायदा केला की खोताची जमीन कसणाऱ्याला मिळेल. खोत कोर्टात जाऊन म्हणणार, माझा मालमत्तेचा मूलभूत हक्क मोडला, कायदा रद्द करा. म्हणून घटनेलाच एक कुलूपबंद कपाट जोडलं. त्या कपाटात ठेवलेला कायदा मूलभूत हक्क मोडतो या कारणासाठी रद्द होणार नाही. पण कपाटात नवा कायदा ठेवायचा तर दर वेळी घटनादुरुस्ती लागते. गोलकनाथने सांगितलं, आत आहे ते राहू दे, पण किल्ली आता आमच्याकडे. नाथ म्हणाले, किल्ली लोकांनी निवडून दिलेल्या संसदेकडे हवी.

चाकरमानी_परळ

आता कळलं! शाळेत नागरिकशास्त्र असं शिकवलं असतं तर.

काजूबी

हे वाचून मी उठून माळ्यावर गेले. खरंच गेले.

आमचं गाव राजापूर तालुक्यात. आजीची एक पत्र्याची ट्रंक आहे, निळा रंग उडालेली. तिच्यात तिच्या लग्नाचा शालू, डांबराच्या गोळ्या आणि एका प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. तिच्या हयातीत त्या पिशवीला हात लावायची कोणाची टाप नव्हती. ती गेल्यावर आम्ही उघडली. आत काय? "बत्तीस म" चा दाखला (कुळाने जमीन विकत घेतल्याचा, कुळकायद्याच्या त्या कलमाखालचा), हप्ते भरल्याच्या पावत्या आणि एक जुना सातबारा. पावत्यांची रक्कम बघून हसू येतं, कुठे अकरा रुपये, कुठे साडेनऊ. पण पावत्या सुईदोऱ्याने एकत्र शिवलेल्या आहेत, टाचणीने नव्हे, कारण टाचणी गंजते आणि कागद फाटतो. दाखल्याच्या मागे हळदीचा बोटाचा ठसा आहे. तो पूजेचा की स्वयंपाकाच्या हाताचा ते आता कोण सांगणार?

आजोबा खोताच्या जमिनीत कूळ. १ एप्रिल १९५७ ला कृषक दिन झाला, म्हणजे त्या दिवशी कायद्याने कुळं जमिनीची मालक मानली गेली, त्यानंतर मामलेदार कचेरीत किंमत ठरायला काही वर्षं गेली. आजी सांगायची, खोताचा माणूस येऊन म्हणायचा, "कायदे येतात नि जातात, जमीन कोणाची ते सगळ्यांना ठाऊक आहे." तिच्या मनात ती भीती शेवटपर्यंत होती. म्हणून ती ट्रंक.

आजी नाथ पैंना "आमचो नाथ" म्हणायची. मला वाटायचं, भाषणं ऐकून म्हणत असेल. आज पहिल्यांदा वाटलं की त्या ट्रंकेचा आणि त्या विधेयकाचा संबंध तिला तिच्या परीने कळला असेल.

माडाची_सावली

काजूबी, सुईदोऱ्याने शिवलेल्या पावत्या वाचून डोळ्यांत पाणी आलं गो. आमच्याकडेही तश्शाच आहेत.

सरळरेघ

वातावरण भारावलेलं आहे, पण मला वेगळं म्हणायचंय. नाथ पैंच्या हेतूबद्दल शंका नाही, विधेयकाबद्दल आहे. संसदेला घटनेत काहीही बदलता येतं हे तत्त्व एकदा मान्य केलं की ती किल्ली कोणाच्या हातात जाईल यावर तुमचं नियंत्रण राहत नाही. १९७१ ला चोविसावी दुरुस्ती झाली. १९७५ ला आणीबाणीत एकोणचाळिसावी, पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या कक्षेबाहेर नेणारी. १९७६ ला बेचाळिसावी. समाजवादी मंडळींना याच काळात तुरुंगात टाकलं. आणि आपल्याला वाचवलं ते कोर्टानेच: २४ एप्रिल १९७३ चा केशवानंद भारती निकाल, सात विरुद्ध सहा. संसद दुरुस्ती करू शकते, पण घटनेचा मूळ गाभा बदलू शकत नाही. म्हणजे नाथांचं निम्मंच बरोबर ठरलं.

काळा_कोट

@सरळरेघ, निम्मं बरोबर ठरलं हे मी मान्य करतो, पण ते निम्मं फार मोठं आहे. केशवानंदने गोलकनाथ रद्दच केला. मूलभूत हक्कांच्या भागात दुरुस्ती करता येते हे तिथे कायम झालं. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने काढला, तोही जनता सरकारच्या काळात, आणीबाणीविरुद्ध लढलेल्यांनी. गोलकनाथ टिकला असता तर ते शक्यच नव्हतं.

सरळरेघ

तेही खरं. तरी मुलांना सांगताना "नाथ बरोबर, कोर्ट चूक" असं सांगू नका एवढंच. ते सहा न्यायाधीशही लोकांच्या हक्काचीच काळजी करत होते. पुढे काय घडलं ते बघता त्यांची भीती निराधार नव्हती.

काळा_कोट

शंभर टक्के. कोर्टात दोन्ही वकील चांगले असले की खटल्याचं सोनं होतं. मुलांना तो वाद म्हणूनच सांगावा.

रापण

उशीर झाला, माफी. जाळी ओढून आत्ता घरी आलो.

मी थोडं मागे जातो. कोकण आणि कायदा शिकलेले पुढारी हे नातं जुनं आहे. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, त्यांनी एलएल.बी. केलं. मुंबई प्रांताचे पहिले काँग्रेसी पंतप्रधान (तेव्हा मुख्यमंत्र्याला तसंच म्हणत) बाळासाहेब खेर, तेही रत्नागिरीत जन्मलेले, पेशाने सॉलिसिटर. डॉ. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यात. आणि खोतीचं म्हणाल तर सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडणारे बाबासाहेबच. तेही बॅरिस्टर. तिकडे अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांचा संप तेव्हा चालूच होता, १९३३ पासून सहा वर्षं चालला, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली.

म्हणजे मास्तर, एक बॅरिस्टर १९३७ ला खोतीविरुद्ध विधेयक मांडतो आणि तीस वर्षांनी त्याच किनाऱ्यावरून निवडून आलेला दुसरा बॅरिस्टर अशा कायद्यांची किल्ली संसदेकडे राहावी म्हणून विधेयक मांडतो. दोन्ही विधेयकं मंजूर झाली नाहीत. दोन्हीतला गाभा पुढे कायदा झाला. मला वाटतं तुमच्या पाऊण तासाचा कणा हा असावा.

राजपुरी_खाडी

रापण, यादीत आमचे बॅ. अंतुले राहिले. आंबेतचे, तेही लिंकन्स इनचे बॅरिस्टर. १९८० ला मुख्यमंत्री झाले. रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला, कुलाब्याचं रायगड झालं ते त्यांच्याच काळात. संजय गांधी निराधार योजनाही त्यांचीच. माझ्या मावशीला तिचे पैसे मिळायचे, त्या पैशातून ती रेशन भरायची.

घाटावरचा

आणि सिमेंट प्रकरण, सिमेंटच्या कोट्याच्या बदल्यात देणग्या घेतल्याचा आरोप? १९८२ ला राजीनामा द्यावा लागला ते?

राजपुरी_खाडी

ते नाकारत नाही. पण तो खटला १९८८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांपुढे गेला आणि आधीचा आदेश न्यायालयाने स्वतःच मागे घेतला. कायद्याचे विद्यार्थी तो निकाल अजून वाचतात. मला एवढंच म्हणायचंय की माणसाचं एकच पान वाचू नये.

तांबडी_माती

अंतुल्यांवर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन. इथे नाथांवर राहू या.

फोडणी

मी कायदा-बियदा जाणत नाय, पन माझो आजो सांगी ता सांगतंय. आजो वेंगुर्ल्याक बोटीर हमाल. मुंबयची बोट भायर उभी रवायची, मगे पडावातसून माणसा नि सामान किनाऱ्यार आणूचा. आजो म्हणी, "नाथ आमच्यातलोच. वकील झालो, परदेशात ऱ्हवलो, पन इलो तो हयच इलो." आजोक दोन गोष्टींचो अभिमान: एक आपलो पडाव कधी उलाटलो नाय, नि दुसरी नाथ पै आपल्या गावचो.

माडाची_सावली

फोडणी, बरा लिवलस! "इलो तो हयच इलो." युरोपात एवढ्या मोठ्या संघटनेचा अध्यक्ष, बायको ऑस्ट्रियाची, तिथेच राहिला असता तर कोणी नाव ठेवलं नसतं. पस्तिसाव्या वर्षी तो राजापूरची निवडणूक लढवायला येतो. तेव्हाचा राजापूर मतदारसंघ म्हणजे काय? रस्ते नाहीत, पूल नाहीत, खाडी आली की होडीची तर.

बेळगाववासी

इतका वेळ नुसता वाचत होतो. आता आमच्या वाट्याचं सांगतो.

तुमच्यासाठी नाथ वेंगुर्ल्याचे, आमच्यासाठी बेळगावचे. इथेच वाढले, इथेच शिकले. १७ जानेवारी हा आमच्याकडे हुतात्मा दिन. १९५६ ला याच दिवशी सीमाभागात गोळीबार झाला. १९७१ च्या हुतात्मा दिनी नाथ बेळगावच्या सभेत बोलले. त्याच रात्री हृदयविकाराने गेले. माझे वडील त्या सभेत होते. घरी येऊन जेवायला बसले, भाषणाबद्दल बोलत राहिले, आणि पहाटे शेजाऱ्यांनी दार वाजवलं. वडील सांगायचे, "मी त्या माणसाला विचारलं, अरे कोण नाथ? कारण आमचा नाथ तर आत्ता रात्री बोलला होता."

लोकसभा विसर्जित झालेली, निवडणुका तोंडावर. ज्या सीमाप्रश्नावर ते शेवटचं बोलले तो अजून कोर्टात आहे. म्हणून सांगतो मास्तर, आमच्या बाजूची मुलं नाथांचं भाषण ऐकतात तेव्हा तो इतिहास नसतो.

रापण

@बेळगाववासी, अंगावर काटा आला.

अवांतर नाही, मुद्द्याचंच: मार्च १९७१ च्या निवडणुकीत देशभर इंदिरा लाट. त्या लाटेतही राजापूरने दंडवत्यांना झोपडीवर निवडून दिलं. आमच्या गावात म्हणतात, ते मत नाथला होतं.

कॉलेजकट्टा_कुडाळ

मी २१ वर्षांची, कुडाळला शिकते. खरं सांगू? मला नाथ पै म्हणजे संस्थेचं नाव, मालवणचं सेवांगण आणि चिपी विमानतळाला नाव द्यायचा २०२२ चा निर्णय, एवढंच माहीत होतं. पाट्यांवरचं नाव. या धाग्यामुळे पहिल्यांदा माणूस दिसला.

मास्तर, एक विनंती. विधेयक सांगाल तेव्हा मुलांकडून करून घ्या. वर्गाचे दोन गट करा. एक गोलकनाथ कुटुंब, एक कुळं. मग एका मुलीला नाथ करा. नुसतं ऐकवलंत तर कलम ३६८ ला अर्धी मुलं झोपतील.

काळा_कोट

झकास! आणि सरळरेघ यांना न्यायाधीश म्हणून बोलवा.

सरळरेघ

वेंगुर्ल्याला यायला मी एका पायावर तयार आहे. सोलकढी मात्र हवी.

घाटावरचा

मी सुरुवातीला विचारलं होतं, कोकणाच्या पदरात काय पडलं. काजूबींची ट्रंक वाचल्यावर प्रश्न मागे घेत नाही, पण बदलतो. रस्ता आणि पूल डोळ्याला दिसतात. जमीन आपल्या नावावर राहिली हे दिसत नाही, कारण काही घडलंच नाही असं वाटतं. कोणी येऊन काढून घेतली नाही, एवढंच घडलं. माझ्या सासुरवाडीची सव्वा एकर भातशेती बत्तीस ग चीच आहे, म्हणजे कुळकायद्याने किंमत ठरवून कुळाला मिळालेली. सासऱ्यांना काल रात्री फोन करून विचारलं. ते अर्धा तास बोलत होते, एरवी दोन मिनिटांवर बोलत नाहीत.

खाडीकाठचा_मास्तर

मंडळी, चार दिवस धागा वाचतोय. तिसऱ्यांदा वाचताना वही घेऊन बसलो.

ठरवलंय ते असं. जन्मतारखेने सुरुवात करणार नाही. त्या मुलीला (आता दहावीत आहे) समोर बोलावून तिचाच प्रश्न सगळ्यांना विचारायला लावणार. मग माडाची_सावली यांची भिंतीवरची झोपडी. मग १९६७: गोलकनाथ, कपाट, किल्ली. कॉलेजकट्टाने सांगितलं तसं दोन गट करून. सरळरेघ यांचा आक्षेप मुलांसमोर पूर्ण मांडणार, अर्धवट नाही. आणि शेवट बेळगावच्या त्या रात्रीवर. फोडणींच्या आजोबांचं वाक्य फळ्यावर लिहून ठेवणार, मालवणीतच.

आता एक मागणं, काजूबी. संकोच वाटतोय, पण विचारतो. तुमच्या आजीच्या दाखल्याचा आणि त्या शिवलेल्या पावत्यांचा फोटो मुलांना दाखवता येईल का? नवव्या परिशिष्टातला दोन नंबरचा कायदा म्हणजे काय, हे त्या पावत्यांइतकं चांगलं मला सांगता येणार नाही.

काजूबी

मास्तर, संकोच कसला. फोटो कशाला, मी स्वतः ट्रंक घेऊन येते. राजापूरहून सकाळची गाडी आहे. सर्व्हे नंबर आणि नावावर कागदाची पट्टी लावीन. मुलांना पावत्या हातात घेऊ द्या, फक्त हात धुऊन. आणि दोरा कोणी ओढू नका, तो आजीने घातलेला आहे.

खाडीकाठचा_मास्तर

कार्यक्रम साडेदहाला आहे. स्टॅंडवर मी येतो तुम्हाला घ्यायला.